पवळे सरांचे बाण

नांदेडला पवळे सरांच्या प्रयोगशाळेत शिरताना कमरेचा पट्टा काढावा लागे. दाराशी प्लास्टिकची टोपली होती. किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं तिच्यात. एकदा प्राचार्य पाहणीला आले आणि पूर्ण वेळ एका हाताने पँट धरून उभे राहिले. सर म्हणाले, "साहेब, लोखंड बघितलं की चिखल बिचकतो."

हा चिखल खोल समुद्राच्या तळाचा, जिथे एक जमीन दुसरीखाली घुसते तिथला. त्यातले लोहाचे कण तळाशी बसताना होकायंत्राच्या सुईसारखे उत्तरेकडे वळून बसतात. पुढे रेटारेटीत ती जमीन किती फिरली, हे त्या कणांवरून मोजता येतं. एका जहाजावरून सरांना असे सोळा नमुने आले होते, बोटाच्या पेराएवढ्या डब्यांत. प्रत्येक डबीवर शाईने काढलेला उत्तरेचा बाण. बाण नसेल तर आत नुसता चिखल. उमरीच्या शेतकरी घरातल्या, समुद्र कधीच न पाहिलेल्या सरांचं आयुष्यातलं मोठं काम हेच.

प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला, म्हणून सरांनी डब्या घरच्या फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवल्या. घटस्थापनेआधी सरांच्या बायकोने, काकूंनी, दसरा काढला. घरातली वस्तून्‌वस्तू धुतली. संध्याकाळी मी, सरांचा प्रयोगशाळेतला मदतनीस, त्यांच्याबरोबर घरी गेलो, तर सोळा डब्या ओट्यावर लखलखीत पालथ्या.

"शाईचे डाग लई चिवट होते," काकू म्हणाल्या. "पण आतल्या चिखलाला हात लावला न्हाई."

सर खाली बसले. बाहेर आल्यावर मी हळूच सुचवलं, अंदाजाने बाण काढू, कुणाला कळणार?

"चिखलाला कळंल की. मी काढलेला बाण म्हणजे माझं मत. मला त्याचं पाहिजे होतं."

त्यांनी जहाजवाल्यांना खरं तेच कळवलं: सणानिमित्त नमुने धुतले गेले. पुन्हा नमुने आले नाहीत. काकूंना ते अवाक्षर बोलले नाहीत. काय झालं ते मीच पुढे सांगितलं. सर मात्र घरभर पक्क्या शाईने बाण काढत सुटले. उशीवर, पोळपाटावर, स्वतःच्या चपलांवरसुद्धा.

"हे काय करून राहिलात?" काकू विचारत.

"सराव."

गेल्या महिन्यात सर गेले. भावकीच्या रिवाजाप्रमाणे डोकं उत्तरेला हवं होतं, पण उत्तर कुठली यावरून अंगणात वाद लागला. काकू सरांचं होकायंत्र घेऊन आल्या. एवढ्या गर्दीत सुई ठरेना.

"लोखंड काढा आधी," त्या म्हणाल्या.

मी घरातली एक टोपली फिरवली. किल्ल्या, मोबाइल, पट्टे पडले. चुलते, मेहुणे, शेजारी पँट धरून उभे राहिले. सुई थांबली. आम्ही सरांना अलगद वळवलं.

मग काकूंनी सरांचाच पेन घेतला आणि पांढऱ्या कापडावर, छातीपासून डोक्याकडे, सावकाश एक सरळ बाण काढला.

"हा मी पुसणार न्हाई," त्या सरांना म्हणाल्या.