नानांनी घेतलेली परीक्षा

माझ्या मोठ्या दिरांनी, नानांनी, माझ्या दहा वर्षांच्या मुलीला फसवलं. कानबाईच्या सणाच्या खरेदीला बाजारात नेतो म्हणाले आणि ओळखीच्या शाळेत नेऊन परीक्षेला बसवलं.

आमचं घर जळगावात. मी चित्रांच्या गोधड्या शिवते. जुन्या लुगड्यांचे तुकडे कापून त्यांचे केळीचे घड, बैल, नदीवर धुणं धुणाऱ्या बाया करते. टाका आईचा, बाकी सगळं माझं मी शिकले. चिंध्या घासाघीस करून घेते आणि गोधडीचा भाव सांगितला की खाली येत नाही, म्हणून भावकीत मला ‘व्यापारीण’ म्हणतात. म्हणू द्या.

मुलीला दुसरीनंतर शाळेतून मीच काढलं. दिवसभर फळ्यावरचं उतरवून आणायची आणि घरी येऊन मला विचारायची, याचा अर्थ काय. म्हटलं, मग घरीच विचार. आता सकाळी कापड बेतायच्या पाटावर आमचा अभ्यास चालतो. सासूबाई शेजारी भाजी निवडत तिला कोडी घालतात. रोज जमतं असं नाही. लग्नसराईचं काम अंगावर आलं की चार-चार दिवस पुस्तक उघडत नाही, आणि मशीन चालू असताना तिसऱ्यांदा काही विचारलं की मी खेकसते. हे मी लपवत नाही.

भावकीची कानबाई, आमची खानदेशची देवी, श्रावणात धुळ्याला नानांकडे बसते. नाना निवृत्त मुख्याध्यापक. “एकदा परीक्षेला बसव तिला,” असं वर्षभर म्हणत होते, मी नाही म्हणत होते. यंदा शनिवारी सकाळी मी प्रसादाच्या रोटांचे गहू निवडत असताना ते तिला घेऊन गेले. दोन तासांनी परत आली ती बोलेना. पिशवीत नारळ होता. मला वाटलं, गर्दीने दमली.

सोमवारी विसर्जन झालं आणि सगळे रोट खायला बसले. रोट भावकीबाहेर देत नाहीत, त्यामुळे पंगतीत सगळे आपलेच. नानांनी खिशातून मुलीच्या परीक्षेचा घडी घातलेला पेपर काढला आणि मोठ्याने वाचला.

“प्रश्न : तुमच्या बाकाची लांबी मोजून लिहा. उत्तर : सात विती, चार बोटं!”

पंगत खो खो हसली. मुलीने मान ताटात घातली.

तिला सेंटिमीटर येतो. टेप सापडला नाही की आम्ही वितीने कापड मोजतो, आणि आपली वीत किती सेंटिमीटर भरते हे तिने स्वतः मोजून ठेवलंय.

मी विचारलं, “नाना, पट्टी दिली होती का तिला?”

“परीक्षेला पट्टी आपली आपण न्यायची असते.”

“परीक्षेला चाललोय हे सांगितलं असतं तर नेली असती.”

चुलतसासूबाई मध्ये पडल्या, “पोर हुशार शे वं, पन मायले फुरसत कोठे शे?”

“काकी, तुम्हनी गोधडी शिवाले व्हती ना फुरसत!” मी म्हटलं आणि ताटावरून उठले. रोटाच्या ताटावरून उठू नये, हे मलाही कळतं.

तेव्हापासून मुलगी काहीही लिहिण्याआधी माझ्याकडे बघते. “बरोबर आहे ना?” परवा आजीने बाजारात चल म्हटलं, तर म्हणाली, “नक्की बाजारातच ना?” आजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळे म्हणतात, नाना मोठे आहेत, सोडून दे. मोठे आहेत म्हणूनच सोडत नाही. नाना, माझ्या शिकवण्यात खोट असेल तर मला सांगा. मी भांडेन, पण ऐकेन. तिच्याशी खोटं का बोललात, याचं उत्तर मात्र मला नको. जळगावला या, तिच्यासमोर बसा आणि तिला द्या. ती विचारेल तितके प्रश्न विचारेल, आणि तुम्हाला उठता येणार नाही.