हॉगलंडांकडे सगळं ठीक असतं

व्हर्ना हॉगलंडच्या पायावर लाकडाचा ओंडका पडला आणि तुम्ही विचारलंत, "काय गं, लागलं का?" तर ती म्हणणार, "ठीक आहे." मग जरा थांबून, "तुझं कसं काय?" सगळे हॉगलंड असेच. माझे आईवडील स्लोव्हेनियाचे. आमच्या घरी भांडणं, रडणं आणि गाणी एकाच टेबलावर एकाच वेळी चालायची. त्यामुळे या नॉर्वेवाल्यांच्या मुकेपणाचा मला पहिल्यापासून वैताग. तरीही माझी जिवाभावाची मैत्रीण कोण, तर हीच.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास आम्ही दोघी आमच्या टू हार्बर्स गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी-शेजारी बसायचो. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, हातात वायरी. "नंबर सांगा." "जोडते." "लाईन बिझी आहे." दिवसभर हीच वाक्यं. मला कंटाळा यायचा, मग मी मध्येच कुणाच्या तरी बाळंतपणाची चौकशी करायची आणि सुपरवायझरची बोलणी खायची. व्हर्नाला मात्र ते काम मनापासून आवडायचं. समोरून अमुक आलं की आपण तमुक म्हणायचं, यातच तिला सुख. पुढे घरोघरी तबकडीचे फोन आले आणि आम्हाला नारळ मिळाला. ती शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट झाली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तसं कुणी विचारलं नाही." खरं म्हणजे दोघांनी विचारलं होतं, पण त्यांनी इतकं हळू विचारलं असणार की हिला ते हवापाण्याचं बोलणं वाटलं.

तिला एकच सख्खं माणूस, मोठा भाऊ आर्व्हिड. तरुणपणी तो आमच्या समुद्राएवढ्या तळ्यात हेरिंग माशांसाठी जाळी टाकायचा, नंतर खनिजाच्या गोदीवर लागला. निवृत्त झाल्यावर कॅसल डेंजरला काठावरच्या केबिनमध्ये एकटाच राहायचा. रोज सकाळी आठला व्हर्ना त्याला फोन करायची. मी कितीदा तरी शेजारी बसून ऐकलंय.

"वारा?"

"ईशान्येचा."

"कॉफी?"

"झाली."

"बरं मग."

"बरं."

मी म्हणायची, "अगं, असं बोलायला टेलिफोन कशाला हवा? खिडकीतून हात हलवा की!" ती हसायची. पण त्या सात शब्दांवाचून तिचा दिवस सुरू होत नसे.

मग आर्व्हिडच्या घशात गाठ निघाली. डुलुथच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, मानेला श्वासापुरतं भोक ठेवलं. माणूस वाचला, आवाज गेला. तो घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हर्नाने सवयीने आठला फोन लावला. त्याने उचलला. पलीकडून नुसता श्वास. हिने वारा सांगितला, कॉफी झाल्याचं सांगितलं, "बरं मग" म्हणाली. उन्हाळाभर असंच चाललं. एकदा मला म्हणाली, "त्याचा श्वास ऐकून फोन ठेवायचा म्हणजे जिवावर येतं, फ्रानी." हॉगलंडांच्या हिशेबात हा हंबरडाच. मला भरून आलं आणि तिला ते दिसू नये म्हणून मी तिच्या पडद्यांना नावं ठेवली.

ते पंच्याऐंशी साल. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाने आपले जुने घरगुती कॉम्प्युटर विकायला काढले होते. व्हर्नाने दोन घेतले. टीव्हीला जोडायचे, बटबटीत बटणांचे. सोबत फोनच्या वायरीला लावायचे दोन मोडेम आणि दोन फ्लॉपी. त्या फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम चालवला की तुमचा कॉम्प्युटर नुसता खिडकी व्हायचा. तुम्ही टाईप केलेलं पलीकडे दिसणार, पलीकडचं तुमच्याकडे. मला वाटलं, बाईला म्हातारचळ लागला. पण एका रविवारी ती केबिनवर गेली, आर्व्हिडच्या जेवणाच्या टेबलावर ते धूड मांडलं आणि सोमवारी आठ वाजता तिच्या टीव्हीवर हिरवी अक्षरं उमटली: "वारा नैर्ऋत्येचा."

आणि मग काय सांगू! जन्मभर तोंडाला कुलूप लावून बसलेला हा माणूस एका बोटाने टाईप करत बोलायला लागला. सीगल पक्षी किती हलकट. सरकार किती हलकट. शेजारचा स्थलांतरी पक्षी, म्हणजे थंडी पडली की ॲरिझोनाला पळणारा ओल्सन, त्याहून हलकट. कधी कधी दोघं तास तास बोलायची. तो विनोद करायचा! व्हर्ना मला फोन करून वाचून दाखवायची आणि वाचता वाचता तिलाच हसू आवरायचं नाही. साऱ्या जगाबद्दल त्याची तक्रार होती, फक्त स्वतःबद्दल नव्हती. 'तू कसा आहेस'ला उत्तर ठरलेलं: ठीक आहे.

त्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक सोय होती, स्क्रिप्टची. म्हणजे आपण ओळी लिहून ठेवायच्या: हा नंबर फिरव, पलीकडून जोडल्याची खूण आली की थांब, मग हे वाक्य पाठव, उत्तर आलं की फ्लॉपीवर उतरवून घे, फोन ठेव. मशीन तेवढंच करणार, मुकाट. व्हर्नाला हे सापडलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. एक्स्चेंजमधली खुर्ची परत मिळाल्यासारखी खूष झाली होती. तिने आर्व्हिडलाही शिकवलं. त्याचं मशीन आता फोन आपणहून उचलायचं.

नोव्हेंबरात चर्चचं माशाचं जेवण असतं. त्यासाठी बटाट्याच्या लेफ्सा, म्हणजे पातळ पोळ्या, लाटायच्या, त्याही साऱ्या गावाला पुरतील इतक्या, म्हणून आम्ही बायका सकाळी सातपासून तळघरातल्या स्वयंपाकघरात उभ्या. त्या वर्षी लाटणाऱ्यांपैकी एक कंबर धरून बसली आणि व्हर्नाला रोज बोलावलं. नाही म्हणणं तिच्या रक्तात नाही. मग तिने स्क्रिप्ट लिहिली. आठला मशीनने फोन लावायचा, "गुड मॉर्निंग आर्व्हिड, कसा आहेस?" पाठवायचं, त्याचं उत्तर उतरवून ठेवायचं, "बरं मग, उद्या बोलू" म्हणायचं. दुपारी घरी येऊन ती वाचणार.

"त्याला सांगितलंस का, की तू समोर नसतेस?" मी विचारलं.

"कशाला? उगाच वाटेल त्याला, की चर्चचं काम मोठं झालं."

पहिल्या दोन दिवशी लांबलचक उत्तरं आली. मग एकदम आखूड. "ठीक आहे. कॉफी उकळतेय. तुझं?" दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला, दोन गेले, तेच. व्हर्ना लेफ्सा लाटताना गप्प. म्हणजे नेहमीच गप्प, पण हे गप्प वेगळं होतं.

"रागावलाय तो," ती म्हणाली.

"मग जा ना! गाडी मी काढते. दहा मैलांवर तर आहे."

"नको. त्याला वाटेल मी पाळत ठेवते. उत्तर देतोय ना रोज? रागावला असला तरी देतोय."

"तुम्ही नॉर्वेवाले एक दिवस सभ्यपणाने मराल," मी म्हणाले. ती पीठ चाळत राहिली. अशा वेळी हिला धरून गदगदा हलवावंसं वाटतं, खरं सांगते.

माशाचं जेवण पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्रोडाचा गोड पाव, आमची पोतित्सा, घेऊन तिच्याकडे गेले, तर बाईसाहेब आठच्या आधीच टीव्हीसमोर बसलेल्या, केस विंचरून, जणू कुणी पाहुणा यायचाय. आज स्क्रिप्ट नाही. स्वतः नंबर लावला. जोडला गेल्याबरोबर तिने टाईप केलं, सगळ्या बोटांनी, टायपिस्टच ती: "आर्व्हिड, इतके दिवस मी नव्हते, मशीन बोलत होतं. मी लेफ्सा लाटत होते. मी हे तुला सांगायला हवं होतं. मला माफ कर. आज मी स्वतः आहे."

तिचं बोट शेवटच्या बटणावरून उठलं नाही तोच उत्तर आलं. "ठीक आहे. कॉफी उकळतेय. तुझं?"

व्हर्नाचा चेहरा पडला. "बघ," ती म्हणाली. "किती रागावलाय."

मी पोतित्सा कापत होते. हातात सुरी तशीच राहिली. "व्हर्ना, तो एका बोटाने टाईप करतो ना?"

ती पुन्हा पडद्याकडे वळली. मग तिने चार शब्द लिहिले: "आर्व्हिड, मी मेले आहे."

"ठीक आहे. कॉफी उकळतेय. तुझं?"

मला हसू फुटलं. काय करणार, हसू आलंच. म्हटलं, "घ्या! याला म्हणतात भावाची माया." वळून बघते तर व्हर्ना दारात बूट चढवत होती, उलटसुलट पायांत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

रस्त्यावर रात्रीचं बर्फ होतं. मी गाडी हाणली. केबिनच्या धुराड्यातून धूर नव्हता. दाराशी बर्फ पडलेलं, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आत स्वयंपाकघरात स्टोव्ह थंडगार, कॉफीचं भांडं पालथं, आणि टेबलावर तो टीव्ही हिरवा उजळलेला. त्यावर आमचीच वाक्यं होती. एकाखाली एक, आणि प्रत्येकाखाली ठीक आहे, ठीक आहे.

आर्व्हिड पलीकडच्या खोलीत घरातल्या सगळ्या घोंगड्या घेऊन पडला होता. अंग भट्टीसारखं. मानेच्या भोकातून श्वास खरखरत होता. आम्हाला पाहून त्याने काय करावं? उठायला लागला. हाताने खूण केली, कॉफी ठेवतो म्हणून! पाहुणे आले होते ना घरी.

"पड," व्हर्ना म्हणाली. तिने मोडेमची वायर उपटली, फोन लावला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. तोच जुना आवाज होता तिचा, एक्स्चेंजमधला, शांत, एकेक शब्द सुटा. बोलून झाल्यावर तिला फोन ठेवायचंही सुचेना, तो जागेवर मी ठेवला.

न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एखाद दिवस गेला असता तर कठीण होतं. आठवडाभराने तो उशीला टेकून बसायला लागला, तेव्हा व्हर्नाने त्याच्या मांडीवर पाटी ठेवली, हातात खडू दिला आणि विचारलं, "का?"

त्याने लिहिलं, "तुला त्रास नको म्हणून."

आणि मग जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. व्हर्ना हॉगलंड ओरडली. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. "त्रास? मला वाटलं तू रागावलास! तीन आठवडे मी तुझ्या त्या एका वाक्याशी बोलत होते! रोज दुपारी तेच वाचून मी रडायची, माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं. रोज तिच्या शेजारी लाटणं धरून उभी असायची मी, आणि मला पत्ता नव्हता.

आर्व्हिडने पाटी पुसली. बराच वेळ लिहीत होता. मग पाटी तिच्याकडे फिरवली. "तुझंही वाक्य रोज तेच. घड्याळाच्या ठोक्याला. मी तुला सीगलबद्दल लिहायचो आणि तू म्हणायचीस, बरं मग, उद्या बोलू. कळलं, की हे मशीन आहे. वाटलं, तुला माझा कंटाळा आला. मग म्हटलं, मशीनशी मशीनच बोलू दे. आजारी नंतर पडलो."

व्हर्नाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसली आणि त्याचा खडूने भरलेला हात हातात घेतला. मी नाक पुसायला बाहेर गेले आणि बाहेरच थांबले, इतकी अक्कल मलाही आहे.

जानेवारीत तो केबिनवर परतला. पहिल्याच सोमवारी मी मुद्दाम आठला व्हर्नाकडे हजर झाले. स्क्रिप्ट तिने दोन्हीकडच्या फ्लॉपीवरून पुसून टाकल्या होत्या. नंबर लागला. तिने टाईप केलं, "कसा आहेस?" आणि हात मांडीवर ठेवून बसली.

पडद्यावर काही नाही. कर्सर नुसता लुकलुकतोय. मला राहवेना. "पुन्हा विचार ना!" म्हटलं.

"थांब," ती म्हणाली. "तो शोधतोय बटणं."

मग एकेक अक्षर यायला लागलं, मध्ये एखादं चुकून, पुसून, पुन्हा. "बरं नाही. पाठ दुखते. रात्री झोप नाही. इथे फार एकटं वाटतं. येशील का?"

व्हर्नाने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी समोरच बसले होते, मला दिसत होतं, तरी तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "बरं नाही म्हणतोय, फ्रानी," ती म्हणाली. "ऐकलंस? आर्व्हिड म्हणतोय, बरं नाही." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि इतक्या आनंदात मी तिला त्याआधी किंवा त्यानंतर कधी पाहिली नाही.