सगुणाबाईचं अंजीर

दिवेलागणीच्या आधी सगुणाबाई अंगणात दोन पोती अंथरायची. एक स्वतःला, एक येईल त्याला. मग गल्लीकडं तोंड करून हाक मारायची, "या गं बायांनो, बसायला या!" आणि एकटीच बसायची. दुसऱ्या पोत्यावर कधी मांजर, कधी कोंबडी. अंधार पडला की दोन्ही पोती झटकून आत. न बसलेल्या पोत्यावरही धूळ बसतेच की.

मी कुंभार पिंपळगावात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, बाईच्या डोक्यात फरक आहे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "बायबलबाई हाय ती, जालन्याच्या मिशननं धाडलेली. तिच्या वाऱ्याला उभी राहू नको." सगुणाबाई मूळची गावकुसाबाहेरच्या घरातली, त्यात किरिस्ताव झालेली, त्यात विधवा. ना मूल ना बाळ. तिच्या घरचं पाणी पिणारं गावात कोणी नव्हतं. आमचं परस आणि तिचं अंगण यांच्यामध्ये काट्याचं कुंपण. मी भांडी घासायला बसले की पलीकडं ती मोठ्यानं वाचायची. मला कोणी शाळेत घातलं नाही. अक्षरं पुढं माझी मीच जुळवली, पण वाचायची हौस लागली ती त्या कुंपणाशी.

बायबल केवढं जाडजूड! पण ती वाचायची फक्त जुन्या कराराच्या शेवटाचे बारके भविष्यवादी. का, तर म्हणायची, "मोठ्यांना वाचायला जालन्याला साहेब हायत. या बारक्यांकडं कोणी बघत न्हाई, म्हणून मी बसते यांच्यापाशी." आणि बोलायची अशी, जसे काही ते आमच्याच गल्लीत राहतात. "हा मीखा, खेड्यातला गडी. त्याला बराबर कळलं, राजा जलमंल तर बेथलेहेमात. बारकं गाव बघा ते. मलाखी तापट, सगळ्यांना झोडपतो, पण शेवटी उन्हासारखं बोलून जातो. जखऱ्याला मात्र सपनं लई पडायची."

शेजारचा गणू कुंभार माती लादलेली गाढवं घेऊन जाता जाता मुद्दाम थांबायचा. एकदा म्हणाला, "बाई, तुमचा राजा गाढवावर बसून येणार असं खरंच लिव्हलंय?"

"लिव्हलंय. जखऱ्यानंच."

"आवं, गाढवावर बसवून गाव चोराची धिंड काढतं! राजाला घोडं मिळंना व्हय?"

गल्ली हसली. सगुणाबाईही हसली. मग म्हणाली, "घोड्यावरचा आला की तू वाट सोडून नालीत उभा राहतोस, गणूबा. गाढवावरल्याच्या बरोबरीनं चालता येतं, चार गोष्टी बोलता येतात. आता सांग, तुला कोणता पायजे?"

गणूनं डोकं खाजवलं आणि गाढवाच्या पाठीवर थाप मारली. "चल बाबा, तुझा भाव वाढला."

लोक असे थांबायचे, हसायचे, पण उभ्यानंच. बसायचं कोणी नाही. एकदा भांडी घासता घासता मी कुंपणातून विचारलं, "बाई, तुमचा राजा येऊन गेला म्हणता. मग रोज वाट कोणाची बघता?"

ती कुंपणाजवळ आली. म्हणाली, "येऊन गेला, माय. पण एक गोष्ट राह्यलीय. देव अंकुर, म्हंजी तो राजा, आणंल, त्या दिवशी जो तो आपल्या शेजाऱ्याला बोलावून वेलाखाली न् अंजिराखाली बसवंल, असं जखऱ्या सांगून गेला. माझ्या पदरात एवढं पडलं की झालं. दुसरं मला काय पायजे?"

म्हणून तर तिनं औरंगाबादेकडून अंजिराचं रोप आणून लावलं होतं. द्राक्षाचा वेल काही जगेना, तेव्हा तिनं त्याच्या मांडवावर घोसाळी चढवली. "वेल झाल्याशी मतलब," म्हणायची. जालन्याहून मिशनचा माणूस आला आणि त्या दुसऱ्या पोत्यावर टेकला, तर तिनं त्याला उठवलं. "तुम्ही पाहुणे, बाजेवर बसा. ती शेजाऱ्याची जागा हाय." झाडाला अंजिरं लागली. ती टोपलीभर अंजिरं उंबऱ्यात ठेवायची. पाखरं खाऊन जायची.

आत्याबाईंना त्या हाकेचा फार राग. रोज म्हणायच्या, "आली बोंबलायला! हिला कोणी सांगितलं, हिचं कोण येऊन राह्यलंय म्हणून?"

आणि मग एका संध्याकाळी हाक आलीच नाही.

मी चुलीपाशी होते. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. निवडलेल्यात न निवडलेले मिसळले, तरी त्यांचं लक्ष नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. मला म्हणाल्या, "दिवा लागला का गं तिच्यात?"

"न्हाई, आत्याबाई."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि चपला न घालताच निघाल्या. थोड्या वेळानं पलीकडून ओरडल्या, "ए पोरी, जल्दी ये! बाज धर!"

मी धावले. सगुणाबाई तापानं फणफणलेली. हलायचं त्राण नाही, पण आत्याबाईंचा पदर धरून एकच हट्ट करत होती, "आत न्हाई बसायचं, अक्का. बाहेर. झाडाखाली लिव्हलंय."

"मरायला टेकलीस न् लिव्हल्यालं सांगून राह्यलीस!" आत्याबाई म्हणाल्या, पण बाजेचं एक टोक त्यांनीच उचललं. दोघींनी मिळून ती अंजिराखाली आणली. आत्याबाई शेजारी नुसत्या मातीवर बसल्या, तिच्याच मडक्यातलं पाणी तिला पाजलं, आणि पेल्यात उरलेलं स्वतः पिऊन टाकलं. मी बघतच राहिले.

सगुणाबाई हळूच म्हणाली, "आज तर मी बोलावलं न्हवतं, अक्का."

"न्हाई बोलावलंस, म्हणूनच आले."

सगुणाबाई वर बघत पडली होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. दोघींचंच होतं ते.

सकाळी गणूनं गाडी जुंपली. परतूरला रेल्वेत बसवून तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. आठवडी बाजाराच्या दिवशी मिशनचा माणूस निरोप घेऊन आला. सगुणाबाई गेली, तिकडंच मातीही दिली. जाताना जवळ आपलं असं कोणी नव्हतं.

आत्याबाई उठल्या, रांजणातलं गार पाणी घेतलं आणि लुगड्यासकट डोक्यावरून ओतलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेतातून आले ते ओले केस बघून दारातच थबकले. "का गं, आपल्यातलं कोण गेलं?"

"शेजारीण," आत्याबाई म्हणाल्या. "आज चूल पेटायची न्हाई."