सिंधूअक्कांचा चिमटा

सिंधूअक्का घरात आल्या की आधी माझ्या हाताच्या पाठीला चिमटा काढत. कातडी झटकन खाली बसली तर "बरं आहे, चहा टाक". रेंगाळली तर पाणी का पीत नाहीस म्हणून हजेरी. सरस्वतीपुरममधल्या आमच्या या शेजारीणबाई, निवृत्त शिक्षिका, मराठीत मधूनच कानडी शब्द मिसळणाऱ्या. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो, पण कारण बदललंय.

माझ्या लेकीला जुलाब लागले तेव्हा सासूबाईंनी तिचं पाणी बंद केलं. "प्यायलेलं सगळं बाहेरच पडतंय, मग द्यायचं कशाला?" मलाही ते पटलं, हे सांगायला आज लाज वाटते. अक्कांनी पोरीच्या पोटाला चिमटा काढला, जीभ बघितली, शू कधी झाली ते विचारलं. "अय्यो, भांडं गळतंय म्हणून पाणी तोडतात काय ग? जास्त घालायचं, अल्ला, हो की नाही?" लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चाखून म्हणाल्या, "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको." मग चमचा-चमचा पाजत बसल्या. "पेंगायला लागली तर सुम्ने, नुसती बसू नको, दवाखाना गाठ." संध्याकाळी पोरीने शू केली आणि अक्कांनी टाळ्या वाजवल्या.

आणि हीच बाई स्वतः पाणी प्यायची नाही! मेटगळ्ळीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, तिथे बायकांना संडास नव्हता. सकाळी एक पेला, मग थेट घरी आल्यावर. शाळा सुटली, सवय सुटली नाही. मी पेला पुढे केला की "साकु, साकु", पुरे पुरे म्हणत हात आडवा. किती भांडले मी! पालथ्या घड्यावर पाणी.

एका उन्हाळ्यात त्यांनाच जुलाब लागले. मी गेले तेव्हा खुर्चीत बसून काहीतरी तुटक बोलत होत्या. मी हाताला चिमटा काढला. कातडी तशीच उभी राहिली.

"म्हातारीची कातडी अशीच असते ग. चिमटा पोरांसाठी."

खरंच होतं ते, म्हणून मी त्यांचा हात सोडला. जीभ बघितली नाही. शू झाली का, विचारलं नाही. त्यांनीच शिकवलेलं सगळं विसरून घरी आले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. चौथ्या दिवशी अक्का गेल्या.

नंतर त्यांचं स्वयंपाकघर आवरायला गेले. ओट्यावर ताटलीने झाकलेला तांब्या होता. साखरमिठाचं पाणी, स्वतःसाठी कालवलेलं, काठोकाठ भरलेलं. शेजारचा चमचा कोरडा होता. एवढा संताप आला की तांब्या भिरकावून द्यावा.

मी बोट बुडवून चाखलं. जरा आंबलं होतं, पण मीठ अगदी बरोबर होतं.