मेर्टेस मिस्त्रीचा कान

आमच्या आयफेलच्या डोंगरात धुकं सावकाश उठतं. आधी वरची कुरणं मोकळी होतात, मग चर्चचा मनोरा, आणि सगळ्यात शेवटी रिंग. रिंग म्हणजे जंगलातून वळणं घेत गेलेला शर्यतीचा जुना रस्ता. त्याच्यावरचं धुकं हटलं की गाड्या सुटतात. त्यांचा आवाज ऐकतच आम्ही पावाला लोणी लावतो, गाई कुरणात सोडतो आणि आमच्या मेलेल्यांना मातीत ठेवतो. आवाज अचानक बंद पडला तरच कोणी मान वर करून तिकडे बघतं, कारण तेव्हा तिथे काहीतरी वाईट झालेलं असतं.

या आवाजावर ज्यानं आपलं नाव उभं केलं, त्या माणसाची ही हकीकत. त्याचं नाव अल्विन मेर्टेस. गाव त्याला मिस्त्री म्हणतं. बंद पडलेल्या दूधडेअरीच्या मागे त्याचं वर्कशॉप. अंगानं उंच, हात लांब, बोलणं कमी. लग्न केलं नाही, कोणी विचारलं तर म्हणायचा, "माझ्या हाताचा पेट्रोलचा वास कोण सहन करणार?" वेगवान गाड्या, त्याही जुन्या, एवढंच त्याचं काम. उन्हाळ्यात तो त्या दुरुस्त करी आणि थंडीत सांभाळी. आमच्याकडे अशा गाड्यांची नंबरप्लेट मार्च ते ऑक्टोबर एवढीच चालते. उरलेले महिने त्या चादरीखाली झोपतात, आणि त्यांचे मालक अधूनमधून येऊन चादरीचं टोक उचलून बघून जातात, आजारी माणसाला बघावं तसे.

पण लोक मिस्त्रीकडे येत ते भाव विचारायला. वेगवान गाडीचा भाव मोठा विचित्र असतो. ती स्वतः कशी आहे यापेक्षा कंपनी पुढे काय आणणार आहे, यावर तो जास्त हलतो. नवी गाडी जुनीसारखीच आली, फक्त जास्त ताकदीची, तर सगळ्यांना नवीच हवी असते, जुन्या एकदम विकायला निघतात आणि पावसात भिजलेल्या गवतासारख्या त्या कोणी घेत नाही. पण नव्या गाडीत जुनीतली एखादी गोष्ट नसली, समजा हाताचा गिअरच काढून टाकला, तर जुनी ही तिच्या जातीतली शेवटची ठरते. मग तिच्यासाठी माणसं कोलोनहून, अँटवर्पहून येतात आणि मालकाच्या अंगणात टोपी काढून उभी राहतात.

नव्या गाडीत काय असेल, हे कंपनी शेवटच्या दिवसापर्यंत लपवते. पण गाडी विकायच्या आधी तिला रिंगवर पळवून बघावीच लागते. अशा गाड्या अंगावर काळ्या-पांढऱ्या वेलबुट्टीचा कागद चिकटवून येतात, खोटे उंचवटे लावून येतात. डोळा फसतो. आवाजाला मात्र कागद चिकटवता येत नाही. पुलाच्या खाली, जिथे रस्ता चढाला लागतो आणि गिअर बदलावाच लागतो, तिथल्या कुंपणाशी मिस्त्री उभा राही. हाताचा गिअर असला की पाय क्लच दाबतो, इंजिन क्षणभर श्वास सोडतं आणि पुन्हा धरतं. तो खंड म्हणजे दोन आवाजांमधली शिवण; ऑटोमॅटिकच्या आवाजाला ती नसते. मिस्त्री ती शिवण ऐकायचा. संध्याकाळी खानावळीत बसून दोन शब्द सांगायचा, आणि त्या दोन शब्दांवर आमच्या खोऱ्यातल्या गाड्या विकल्या जात किंवा ठेवल्या जात.

"मिस्त्री, माझी विकू का ठेवू?" कोणी विचारी.

"तुझी विक. नवी येवो न येवो, तू क्लच जाळूनच ठेवणार आहेस."

लोक हसत. एक बिअर त्याच्यापुढे येई. तेवढाच त्याचा मोबदला, आणि तो शब्द बरोबर निघाल्याचा अभिमान. तो अभिमान त्याच्या चालण्यात दिसायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याही गावाला त्याचा अभिमान होता.

त्याचा एकच जिवाभावाचा मित्र, हार्टमुट झेन्स. दोघांनी तरुणपणी एकाच वर्षी, एकाच प्रकारची गाडी घेतली. हार्टमुटची हिरवी, मिस्त्रीची राखाडी. हार्टमुट एका उन्हाळ्यात अंगणात लाकडं रचताना कोसळला तो उठलाच नाही. मागे बायको राहिली, रोसवीटा. ती शाळेची बस चालवायची. बर्फात, उतारावर, चाळीस पोरं मागे ओरडत असताना तिनं कधी आवाज चढवला नाही. हार्टमुटला पहिल्या बायकोपासून एक मुलगा होता, टोर्बेन. तो हॅम्बुर्गला. वाईट नव्हता, पण बापाच्या घराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. अर्धं घर कायद्यानं त्याचं झालं होतं आणि त्याला त्या अर्ध्याची किंमत हवी होती. रोसवीटाकडे द्यायला होतं काय? ती हिरवी गाडी. गाडीला चांगला भाव आला तर टोर्बेनचा हिस्सा देऊन घर तिचं राहणार, नाहीतर घर विकून ती कुठेतरी भाड्यानं जाणार.

ऑक्टोबरात ती मिस्त्रीकडे आली. मी तेव्हा माझ्या यंत्र-करवतीला धार लावून घ्यायला तिथेच आलो होतो. मी जंगलात लाकूडतोडीचं काम करतो.

"अल्विन, आता विकू का थांबू?"

"नवी वसंतात येणार म्हणतात," मिस्त्री म्हणाला. "तिचा आवाज एकदा ऐकू दे."

"ऐक. पण मला खरं सांग. हार्टमुटची म्हणून गोड बोलू नकोस."

"मी गोड कधी बोललोय?"

"नाही, तेही खरंच."

पुढच्या आठवड्यात वेलबुट्टीवाली गाडी आली. मिस्त्री दुपारभर कुंपणाशी उभा राहिला. संध्याकाळी थेट रोसवीटाच्या दारात गेला आणि म्हणाला, "हाताचा गिअर आहे. मी शिवण ऐकली. वसंतात सगळे नव्या गाडीमागे धावतील. आत्ताच विक."

तिनं विकली. थंडी तोंडावर होती, अशा गाड्यांना थंडीत गिऱ्हाईक कमी. आला तो भाव तिनं घेतला. तो पुरेसा नव्हता. पण वसंतात याहून कमी येणार, हे मिस्त्रीनं सांगितलं होतं, आणि मिस्त्रीचा शब्द होता.

मार्चमध्ये कंपनीनं नव्या गाडीवरचा पडदा काढला. हाताचा गिअर नव्हता. यापुढे कधीच नसेल, असंही त्यांनी जाहीर केलं. त्या दिवसापासून जुन्या गाड्यांचे भाव असे चढले की आमच्या खोऱ्यात कोणी कधी ऐकले नव्हते. रोसवीटाची हिरवी गाडी घेणाऱ्यानं ती महिन्याभरात पुढे विकली. किती नफा झाला ते तो खानावळीत बसून सांगत होता. मिस्त्री कोपऱ्यात बसला होता. त्याच्यापुढे त्या दिवशी कोणी बिअर ठेवली नाही. कोणी वाईटही बोललं नाही. आमच्याकडे न बोलणं हेच जास्त लागतं.

"ती गाडी चाचणीपुरती हाताच्या गिअरची असेल," मिस्त्री मला म्हणाला. "त्यांनी नंतर बेत बदलला असेल. मी ऐकलं ते ऐकलं."

एप्रिलमध्ये पुलाखाली वादळानं पडलेली स्प्रूसची झाडं मी कापत होतो. सावलीत अजून बर्फाचे तुकडे होते. मिस्त्री येऊन कुंपणाशी उभा राहिला. मी करवत बंद केली. नवी गाडी खालून आली, आता अंगावर कागद नव्हता, आणि चढाला लागली.

"ऐक," तो म्हणाला. "हे बघ. इथे. पाय दाबला."

मी ऐकलं होतं. आवाज एकसंध वर गेला होता आणि एकसंध खाली आला होता. गाडी फेरी मारून परत आली. त्यानं पुन्हा बोट वर केलं, त्याच जागी.

"मिस्त्री," मी म्हणालो, "मध्ये खंड नाही पडला."

"पडला."

"नाही पडला. आवाज खूप वर जातो, सुईसारखा बारीक होतो. मग लगेच खालचा सुरू होतो."

तो रस्त्याकडे वळला. मग म्हणाला, "वर जाताना मला ऐकू येतो. मग काही नाही. मग खालचा येतो." त्यानं झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. "तो इवलासा पक्षी असतो ना, स्प्रूसच्या टोकावर बसून बारीक ओरडतो. मला वाटत होतं, हल्ली जंगलातून तो कमी झाला."

तो पक्षी तेव्हाही आमच्या डोक्यावर ओरडत होता. मी त्याला सांगितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलंच असावं.

म्हणजे शिवण गाडीत नव्हती. ती त्याच्या कानात पडली होती, आणि किती वर्षांपासून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोसवीटाच्या घरचं कपाट खाली उतरवायला मला बोलावलं होतं. घर सोडायचं म्हणून स्वयंपाकघरात खोकी मांडलेली. ती बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मिस्त्री आला, उभाच राहिला, आणि कुंपणाशी काय झालं ते सगळं त्यानं सांगितलं. एकही गोष्ट सौम्य केली नाही.

ती बशा गुंडाळत राहिली.

"तू मुद्दाम नाही केलंस," ती म्हणाली.

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? मला बरं वाटावं म्हणून, का तुला?"

त्यानं खिशातून राखाडी गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता ती किल्ली परत सारणार. आमच्याकडच्या बायका मानी. रोसवीटानं हात पुसले, किल्ली उचलली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"कागदपत्रं कुठे आहेत?"

"गाडीतच आहेत."

"तुझी विकून जे येतील, त्यातून माझ्या गाडीला मिळाले तेवढे तुझे. त्याच्या वरचे माझे. ते माझेच होते."

"सगळे घे."

"दान मी घेत नाही, अल्विन. आणि माझं आहे ते सोडतही नाही. बस. कॉफी झालीय." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू काय बघत उभा आहेस? ते कपाट परत वर नेऊन ठेव."

घर राहिलं, हे आत्ताच सांगून टाकतो. जूनमध्ये टोर्बेनला त्याचा हिस्सा मिळाला आणि त्यानं घरावरचा हक्क सोडला. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची मेमधली एक सकाळ.

कोलोनहून एक गिऱ्हाईक आलं. सभ्य माणूस, पॉलिश केलेले बूट. रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्यानं राखाडी गाडीच्या दारांवर, छपरावर लावून बघितलं. रंग मूळचा होता. त्याचा आनंद त्याच्या तोंडावर लपला नाही. रोसवीटानं भाव सांगितला. तो हसला.

"झेन्सबाई, भाव आत्ता चढलेत हे मलाही माहितेय. पण ही लाट आहे. पुढच्या वर्षी कंपनी पुन्हा हाताचा गिअर आणेल, मग या गाडीला कोण विचारणार?"

"मग पुढच्या वर्षी या," रोसवीटा म्हणाली.

त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री वर्कशॉपच्या दाराशी पालथ्या घातलेल्या डब्यावर बसला होता. आमच्या मिस्त्रीची कीर्ती कोलोनपर्यंत पोचलेली होती.

"तुम्ही सांगा, मिस्त्री. तुम्ही तर रिंगवर उभं राहून ऐकता म्हणे. पुढे काय येणार आहे? यांना समजावा जरा."

मिस्त्री उठला. आम्ही तिघं-चारजण तिथे होतो, आणि आमच्यापैकी कोणालाच त्याच्याकडे बघवेना. त्यानं हातातली चिंधी घडी करून डब्यावर ठेवली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वरचे सूर गेलेत. ऑक्टोबरात मी या बाईंना चुकीचं सांगितलं. पुढे काय येणार ते मला माहीत नाही. भाव त्यांना विचारा."

त्या माणसानं पुन्हा रोसवीटाकडे पाहिलं. तिनं तोच आकडा सांगितला, आवाज न चढवता.