सायलेन्सरला होडीचा इलाज

माझ्या चुलत्यांचा ट्रॅक्टर पनवेलच्या बाजारातून निघाला की गावात काकू तवा चुलीवर ठेवत. इंजिन आणि सायलेन्सर जिथे जोडतात तिथले पॅकिंग जळले होते. धूर आणि आवाज दोन्ही तिथूनच बाहेर पडत. चुलत्यांच्या मते ही इंजिनाच्या ताकदीची खूण होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. मुलगी उरणला सासरी जाईल ती बापाच्या ट्रॅक्टरवरूनच, असे त्यांनी जाहीर केले. नवऱ्यामुलाकडून जीप पाठवतो असा निरोप आला. चुलत्यांनी तो अपमान म्हणून नोंदवून घेतला.

हरकत आली धवलारणीकडून. आमच्या गावी पाठवणीला लग्नगीते गाणारी ही म्हातारी नवरीशेजारी ट्रॉलीत बसते आणि वेशीपर्यंत धवला गाते. भटजीचे मंत्र कमीजास्त झाले तर चालते; तिचे गाणे ऐकू आले नाही तर पाठवणी झाली असे कोणी मानत नाही.

"त्या फटफट्याच्या मागं मी गानार नाय," ती म्हणाली. "तोच गाईल. मी बसून ऐकंन."

पनवेलच्या मेकॅनिकने पॅकिंग मुंबईहून मागवावे लागेल, असे सांगितले. ते येणार होते लग्नानंतर. तेव्हा चुलत्यांचा उरणकडचा एक मित्र पुढे सरसावला. तो होड्या दुरुस्त करी. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा आणि वर राळ-तेलाचा लेप द्यायचा, हे त्याचे काम. आपण बुजवलेल्या होडीत थेंब शिरत नाही, हे तो कोणी न विचारता सांगे.

"अरे दादूस, दर्याचं पानी अडतं तिथं. धूर काय दर्यापेक्षा मोठा हाय?"

या युक्तिवादात कोणालाच खोट दिसली नाही. मलाही नाही.

हळदीच्या संध्याकाळी लेप देऊन ट्रॅक्टर सुरू केला. थोडा वेळ तो खरोखरच दबकून घुरघुरला. चुलत्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. मग जोडाचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापले, राळ वितळली, कापसाने पेट घेतला आणि पांढरा सुगंधी धूर मांडवात शिरला. हळद लावणाऱ्या बायका खोकत बाहेर पळाल्या.

"वा!" धवलारीण म्हणाली. "इंजिनात देव बसवलास काय रं बाला?"

मित्राने तत्परतेने नवरीच्या आंघोळीचा हंडा उचलून ओतला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडताच ते तडकले. तोवर नुसता जोड गळत होता. आता धूर आणि आवाज दोघांचीही सगळीकडून सोय झाली.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी जीप दारात उभी होती. चुलत्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. मुलीला आणि धवलारणीला ट्रॉलीत बसवले, स्वतः सीटवर चढले आणि इंजिन सुरू न करताच म्हणाले, "ढकला."

सफारी सूटमधल्या वऱ्हाडाने ट्रॅक्टर ढकलला. होडीवाल्याने सर्वांत जास्त जोर लावला. त्याला कारण होते. एरवी दोन कडव्यांत वेस येई. त्या दिवशी धवलारणीला सगळा धवला म्हणायला वेळ मिळाला, आणि त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. बापावरच्या कडव्याला चुलत्यांनी डोळे पुसायला दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. ट्रॅक्टर माणसे ढकलत होती, म्हणून ते जमले.