आखाजीचे साडेसहा

जळगावातल्या एका ठिबकच्या कंपनीत मी वेळा जुळवते. नळ्या आमच्याकडे तयार होतात आणि त्या ज्या शेतांत अंथरतात ती शेतं असतात चिलीत, केनियात, ऑस्ट्रेलियात. तिथल्या माणसांना आमच्या इंजिनियरशी बोलायचं असलं की एकाच्या सकाळीत दुसऱ्याची संध्याकाळ बसवायची, हे माझं काम. त्यात काही देश वर्षातून दोनदा आपली घड्याळं तासाने पुढेमागे करतात, आणि आपल्या वेळेला अर्ध्या तासाचं शेपूट आहेच. या नोकरीने माझा स्वभाव तापट झाला, असं माझा नवरा म्हणतो. मी म्हणते, स्वभाव आधीपासूनच होता, त्याचा पगार नंतर सुरू झाला. कुणी "आलोच दहा-पंधरा मिनिटांत" म्हटलं की माझं डोकं फिरतं. दहा की पंधरा, हे आधी ठरवा आणि मग या.

माझं माहेर धरणगाव. माझा धाकटा भाऊ इंग्लंडात आहे. शिकायला गेला, शिक्षण झालं, आणि तात्पुरतं म्हणून एका मोठ्या गोदामात लागला तो अजून तिथेच आहे. त्याला फोन करायची वेळ आमचे आबा, म्हणजे वडील, एका युक्तीने काढायचे. मनगटावरचं घड्याळ सोडायचे, बाराचा आकडा खाली येईल असं उलटं धरायचे, आणि काटे जिथे दिसतील ती इंग्लंडची वेळ. इथले बारा तर तिथले साडेसहा. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली देव जाणे, पण चौकातल्या चहाच्या दुकानात ती दाखवून त्यांनी भरपूर भाव खाल्ला. म्हणायचे, साहेब गया, पन घडी त्यानीच शे, फक्त डोकं खाले पाय वर.

मी त्यांना दर वर्षी सांगायचे की आबा, हे हिवाळ्यापुरतंच खरं आहे. मार्च संपता संपता तिकडे घड्याळं तासभर पुढे ढकलतात. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "सूर्य काय त्यास्ना बापना नोकर शे का, ढकला म्हंजे पुढे जावाले?" उन्हाळ्यात त्यांचा फोन जाई तेव्हा भाऊ कधी बसमध्ये असायचा, कधी कामावर पोचलेला असायचा. तरी चूक युक्तीची नसायची, भावाच्या घाईची असायची.

आबा पौषात गेले. सकाळी गेले आणि आमच्याकडे दिवस मावळायच्या आत नेतात, त्यामुळे भाऊ येऊन पोचण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला व्हिडिओवर घेतलं आणि फोन मी धरला. अंघोळ घातलेली त्याने पाहिली, हार घातलेला पाहिला. मग तिरडी ओटा उतरली. बायका दारात थांबल्या तशी मीही थांबले, आणि माझ्या हातातला फोनही थांबला. तो कुणा पुरुषाच्या हाती द्यावा हे त्या गडबडीत कुणालाच सुचलं नाही. भाऊ म्हणत राहिला, "अक्का, फोन पुढे लई जाय ना. अक्का, माले काही दिसत नही." त्याला समोरच्या घराची भिंत दिसत होती. अग्नी चुलतभावाने दिला. दहाव्यालाही भावाला रजा मिळाली नाही.

म्हणून पहिल्या आखाजीला त्याने आईला सांगून ठेवलं, यंदा आबांची घागर मी भरणार आणि घासही मीच टाकणार, फोनवरून का होईना. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, खानदेशात दिवाळीच्याही वरची. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात. दुपारी बाराला निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. एका माणसाला पितर म्हणून जेवायला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, त्याला आग्रहाने वाढायचं. पितर जेवल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालत नाही.

भावाशी वेळ मी ठरवते, असं मी आईला म्हटलं होतं. हेच तर करते मी दिवसभर. आई म्हणाली, "हाई तुन्हं हापिस नही. मन्हा पोऱ्याले मीच सांगसू, तू मझार पडू नको." आबा गेल्यापासून ती हट्टाने बऱ्याच गोष्टी स्वतः करू लागली होती, गॅसचा नंबर लावायचा, बँकेत जायचं. तिला एवढं एक असू दे म्हणून मी गप्प बसले.

आखाजीच्या सकाळी मी पोचले तेव्हा घर आधीच तापलेलं होतं. कूलर नुसता ओरडत होता. आई पुरण घाटत होती आणि मी आंबे पिळायला बसले. दहा वाजत आले होते. सहज विचारलं, त्याला किती वाजताचं सांगितलं?

"बाराले," आई म्हणाली. "म्हंजे त्याना साडेसहाले."

तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून उतरवून, उलटं धरून, काटे वाचून त्याला वेळ कळवली होती. आबा करत तशीच. फक्त आता पौष नव्हता. तिथले साडेसहा म्हणजे इथले अकरा, आणि सातला भाऊ घर सोडतो. गोदामात शिरताना फोन कपाटात ठेवावा लागतो, तो संध्याकाळीच हातात येतो. आमच्या बाराला त्याचा फोन कुलपात असणार होता.

मी रसाच्या हातानेच फोन उचलला. रिंग वाजत राहिली. तो झोपलेला असेल किंवा अंघोळीला गेला असेल. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साडेसहा म्हणजे इथले अकरा, मग अकराला का, असं त्याने आईला विचारलंच नसणार. आई म्हणते तर अकराच, एवढा तो भाबडा आहे. रजा मागितली होती, मिळाली नव्हती. उशिरा पोचला तर त्या दिवशी कामावर घेत नाहीत, आणि असं पुन्हा झालं तर कायमचंच.

माझा संताप झाला. आईवर झाला, भावावर झाला, आणि खरं सांगते, आबांवरही झाला. माणूस गेला आणि आपली ती अर्धवट युक्ती मागे ठेवून गेला! पण संतापाच्या खाली भीती होती. पुन्हा एकदा फोन माझ्याच हातात असेल, पुन्हा भाऊ विचारेल की पुढे काय चाललंय, आणि पुन्हा त्याला भिंत दिसेल. ते मला सहन होणार नव्हतं. मी उठले आणि बारा वाजायचे ते अकराला वाजवायच्या मागे लागले.

ओट्यावर नाना बसले होते, आबांचे धाकटे भाऊ, आबांना ते दादा म्हणत. घरातलं रीतीभातीचं आता तेच पाहतात. मी त्यांना सगळं सांगितलं आणि आगारी अकराला टाकू म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "नही जमाव, बेटा. सूर्य डोकावर येवाले जोयजे. बारा वाजाना पयले आगारी पडत नही." मी म्हटलं, नाना, तासाचा तर प्रश्न आहे. ते म्हणाले, तासाचाच प्रश्न आहे.

मग पितर. आबांचे नशिराबादचे मित्र यायचे होते, दोघांनी तरुणपणी एका डाळमिलमध्ये बरोबर काम केलं होतं. त्यांना फोन लावला.

"निंघनू शे, बेटा, उनूच समज."

"कुठे आहात, काका?"

"जळगाव स्टॅन्डवर. एसटी लागेल शे."

लागली होती, सुटली नव्हती. ती सुटून धरणगावात येईपर्यंत साडेअकरा होऊन जाणार. रिक्षा करून या, पैसे मी देते, असं म्हणेपर्यंत त्यांचा आवाज गाडीच्या हॉर्नमध्ये गेला. मी आत आले. पुरण अजून पातळ होतं आणि घाई केली म्हणून पुरण घट्ट होत नाही. निखाऱ्यांसाठी गोवऱ्या पेटवल्या तर धुराने डोळे भरले. ओटा, चूल, फोन, पुन्हा ओटा. माझ्या पायाला भिंगरी लागली होती. आई एकदाच माझ्याकडे पाहून म्हणाली, "मन्हंच चुकनं ना?" मी गोवऱ्यांवर फुंकर घालत राहिले. हो म्हणवेना आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं.

बरोबर अकराला त्याचा फोन आला.

न्हालेला, कपाळाला कुंकू, अंगावर धुतलेला सदरा. मागे त्याचं हातभर स्वयंपाकघर. ओट्यावर घागर नव्हती, स्टीलचं पातेलं होतं, पण खरबूज कुठून तरी शोधून आणलं होतं. शेजारी बशीत एक पोळी आणि गुळाचा खडा. पुरणाची जमली नाही, असं तो आधी म्हणाला, आणि मग विचारलं, "पितर कोठे शेत?"

मी सांगितलं. उलट्या घड्याळाचं ऐकून तो पहिल्यांदा हसला. "आबास्नी घडी!" म्हणाला. मग त्याला सगळं समजलं आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

नाना फोनजवळ आले. घागर सकाळी भरली तरी चालते, असं त्यांनी सांगितलं. मग भावाने तिकडे पातेल्यात पाणी ओतलं, इकडे चुलतभावाने घागरीत ओतलं, दोघांनी हळद-कुंकू वाहिलं. आबांच्या नावाने भावाने हात जोडले. एवढं सगळं सुरळीत झालं. माझं लक्ष घड्याळावर होतं आणि त्याचंही.

"नाना, घास टाकू द्या ना आते," तो म्हणाला.

नाना दगड नाहीत. ते फोनच्या आणखी जवळ सरकले. "भो, पितरं बाराशिवाय दारशी येत नही. रिकामा घरमा घास टाकीसन काय करशी? तुन्हा भाऊ टाकी बाराले. तुन्हा नावना टाकी."

"तवयबी त्यानीच दिन्हा ना अग्नी," भाऊ म्हणाला.

त्याने ते तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. तरीही चुलतभावाने खाली पाहिलं. फोन धरून माझा हात भरून आला होता, पण मी तो हलवला नाही. भावाची निघायची वेळ जवळ येत होती आणि त्याने जवळच ठेवलेलं जाकीट अंगात घालायला घेतलं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे हात कणकेचे होते. तिने तसल्याच हाताने फोन माझ्याकडून घेतला.

"तू काय खादं रे सकायपासून?"

"काही नही. पितर जेवतीन, मंग."

"पितर बाराले जेवतीन. तवय तू कामवर. मंग तू कवय जेवशी?"

"संध्याकायले. घर उनू का."

"दिवसभर ओझं उचलशी उपाशी?"

तो जाकिटाची बाही चाचपत राहिला. आई म्हणाली, "ती पोई ले. खाय."

"आई, अजून आबास्ना घास पडना नही."

"तुन्हा बाप तुले उपाशी ठेवीसन कधी जेवना का? एक दिवस तरी?" आईचा आवाज चढला. तो रागाचा नव्हता. "तो आते तुन्हा समोर बसेल व्हई, ताट आडं सारीसन. तू खाशी तवय तो खाई. बारा वाजू दे, नही तं तीन वाजू दे. खाय."

मी नानांकडे पाहिलं. ते आता म्हणतील की रीत अशी नाही. त्यांची नजर फोनवरून हलली नाही.

भावाने जाकीट खाली ठेवलं. पोळीचा तुकडा मोडला, त्यावर गूळ ठेवला आणि तोंडात घातला. त्याला तो गिळवेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने बाहीने पुसलं आणि दुसरा तुकडा मोडला. आई फोन धरून उभी होती आणि मधूनच म्हणत होती, हळू खाय, पानी पे. आम्ही सगळे, घरात कुणीच काही खाल्लेलं नसताना, त्याचं जेवण पाहत उभे होतो. शेवटचा तुकडा संपला तेव्हा त्याने रिकामी बशी फोनसमोर धरून आईला दाखवली, लहान मुलं दाखवतात तशी.

नानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"जेवना व्हई दादा," ते म्हणाले.